नाव नाही, गाव नाही, आणि तीन एकरात ३६ लाख

गेल्या महिनाभरात एकच मजकूर मला व्हॉट्सअॅपवर अकरा जणांनी पाठवला. त्यात दोन सख्खे चुलतभाऊ आहेत आणि ज्यांनी मला व्यवहारी अपूर्णांक शिकवले ते गुरुजीही आहेत. आमच्या अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शीकडच्या गावांत तो फिरला नाही असा गट शोधावा लागेल. ज्यांच्यापर्यंत पोचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात देतो:

"मी विदर्भातला साधा शेतकरी. नाव सांगत नाही, लोकांची नजर लागते. ३ एकरात वर्षाला ३६ लाख कमावतो. टॅक्स शून्य. पीक सांगणार नाही, उद्या सगळेच लावतील. खात्याचा फोटो खाली आहे. विदर्भात रडगाणंच ऐकायची सवय आहे, म्हणून हे लिहिलं. नाव लपवून खोटं बोलण्यात माझा काय फायदा?"

लोकांना शेवटचा प्रश्न फार पटला आहे. पानठेल्यावर परवा हेच चाललं होतं. "भाऊ, त्याले खोटं बोलून काय भेटते? ना नाव, ना सोताचा फोटो, ना पैसे मांगून रायला." वरवर पाहिलं तर खरंच बिनतोड वाटतं, म्हणून त्याच्यापासूनच सुरुवात करतो.

"फायदा काय?"

मी गावात सेवा केंद्र चालवतो. सातबारा, आठ-अ, पीक विमा, उत्पन्नाचा दाखला, दिवसभर हेच काम. उत्पन्नाचा आकडा ऐकणारा बदलला की कसा बदलतो, हे माझ्या टेबलासमोर जेवढं दिसतं तेवढं तलाठ्यालाही दिसत नसेल. दाखल्यासाठी आलेला माणूस म्हणतो, "वर्षाचे ४८ हजार लिवा." तोच माणूस पीककर्ज वाढवून घ्यायला बँकेत गेला की दोन लाखांवर येतो आणि सोयरिकीच्या बैठकीत 'घरचं खाऊनपिऊन दहा लाख' म्हणतो. २०२४ च्या जुलैत लाडकी बहिणीचे अर्ज भरताना कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाखांची होती आणि चारचाकी चालत नव्हती. त्या पंधरा दिवसांत आमच्या गावात अडीच लाखांच्या वर एकही घर उरलं नाही, आणि गाड्या निघाल्या सगळ्या मेव्हण्यांच्या.

दुसऱ्यांना कशाला नावं ठेवू? धाकट्या भावाच्या सोयरिकीत मी स्वतः '१२ एकर ओलीत' असं ठोकून दिलं होतं. आमचं वावर ७ एकर, त्यातलं ओलिताचं ४. बाकीचं धुऱ्यापलीकडचं काकाचं, जे मी हात लांब करून दाखवलं होतं. मुलीचा मामा बिलंदर निघाला. गट नंबर लक्षात ठेवून गेला, महाभूलेख या जमीन-नोंदींच्या सरकारी वेबसाइटवर सातबारा काढला आणि तिसऱ्या दिवशी कागद घडी करून खिशात घालून आला. लग्न झालं, पण तो मामा आजही लग्नाकार्यात भेटला की चार माणसांत "या, बारा एकरवाले" म्हणतो.

नावगाव असलेल्या माणसाला थाप मारली की हे असं फेडत बसावं लागतं. आपल्या ३६ लाखवाल्याला कोणता मामा गाठणार? त्याला खोटं बोलून फायदा होतो की नाही ते राहू द्या, त्याचा तोटा काहीच होत नाही. फुकटात मिळणाऱ्या गोष्टीला माणूस मोठं कारण शोधत बसत नाही. कोणाला वाहवा हवी असते, कोणाची नुसतीच करमणूक होते.

आणि कधीकधी फायदा असतोच, फक्त तो पहिल्या मजकुरात नसतो. २००३ च्या सुमारास आमच्याकडे सफेद मुसळी या औषधी कंदाचं वेड आलं होतं. तेव्हा हातोहाती मोबाइल नव्हते, एक छापील चोपडं फिरत होतं. त्यातही 'एका शेतकऱ्याने' एकरी लाखो रुपये काढले होते, त्यालाही नाव नव्हतं. माझ्या वडिलांनी अर्ध्या एकरात लावायला ६० हजारांचे कंद घेतले. माल परत विकत घेऊ म्हणणारा दुसऱ्या वर्षी फोनच उचलेना. खोदून काढलेली मुसळी आईने अंगणात वाळत घातली होती, पोतं बांधून माळ्यावर टाकली, आणि पुढे ती उंदरांनी संपवली. त्या धंद्यात पैसा मुसळी विकणाऱ्याने कमावला नाही, कंद विकणाऱ्याने कमावला. मुसळीनंतर ईमू पक्षी पाळायचा धंदा आला, त्याचा फुगा २०१२ मध्ये तामिळनाडूत फुटला. २०१९ मध्ये सांगलीकडे कडकनाथ कोंबड्यांचं तेच झालं. प्रत्येक वेळी आधी कोणीतरी बिननावाचा श्रीमंत झालेला असायचा.

"३ एकरात ३६ लाख"

म्हणजे एकरी १२ लाख. गुरुजींनी निदान हा भागाकार करायला हवा होता.

कापूस धरू. २०२५-२६ चा लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. एकरी १२ लाखांना १४८ क्विंटल कापूस लागेल. आमच्या कोरडवाहू वावरात सात-आठ क्विंटल आला तरी आम्ही देवाला नारळ फोडतो. संत्रा धरू. सहा बाय सहा मीटरवर एकरी ११० च्या आसपास झाडं बसतात, म्हणजे झाडामागे जवळजवळ ११ हजार रुपये. किलोला ३० रुपये धरले तर प्रत्येक झाडाला ३६० किलोंच्या वर फळ हवं. हजार फळांचं झाड दाखवायला आपण पाहुण्यांना बागेत नेतो, आणि ते भरतं दीडशे किलो. त्यातून आंबिया बहराची फळगळ, कोळशी रोग आणि हजार फुटांवर गेलेले बोअर वजा करायचे आहेत.

पॉलिहाऊसमध्ये फुलं किंवा ढोबळी मिरची घेतली तर एकरी मोठा आकडा येऊ शकतो, हे मी मान्य करतो. पण एकरभर पॉलिहाऊस उभं करायलाच तीस-चाळीस लाख लागतात, आणि 'साधा शेतकरी' हे शब्द तिथेच गळून पडतात.

खरी मेख 'कमावतो' या शब्दात आहे. विकलं ते, की उरलं ते? माझ्या घरच्या कापसाचा मागच्या हंगामातला एका एकराचा हिशोब वहीत आहे तसा देतो. वखरणी-पेरणी ३,०००. बियाण्याची दोन पाकिटं १,८०२. खत ४,५००. फवारे पाच, त्यांचे ५,०००. निंदण ५,०००. डवरणी २,०००. सात क्विंटलची वेचणी किलोला १० रुपयांनी ७,०००. गाडीभाडं ७००. एकूण २९,००२. अडत्याने भाव दिला ७,०००, म्हणजे पट्टी (विक्रीची पावती) ४९ हजारांची. हातात १९,९९८. बायकोची आणि माझी सात महिन्यांची मजुरी यात कुठेही लिहिलेली नाही, आणि कर्जाचं व्याजही नाही. आता मी ऑनलाइन '७ एकरात साडेतीन लाख' असं लिहिलं तर ते खोटं ठरेल का? सगळ्या वावराची पट्टी जवळजवळ तेवढी होते. शब्दाने शब्द खरं, आणि वाचणाऱ्याच्या डोक्यात जे चित्र उभं राहील ते साफ खोटं.

केंद्र सरकारच्या नमुना सर्वेक्षणात २०१८-१९ साली देशातल्या शेतकरी कुटुंबाचं सरासरी उत्पन्न महिन्याला १०,२१८ रुपये निघालं होतं. त्यात पिकांचे फक्त ३,७९८ आणि मजुरीचे त्याहून जास्त, ४,०६३. ३६ लाखवाला महिन्याला तीन लाख म्हणतो, म्हणजे जवळजवळ तीसपट. सरासरी दाखवून एखाद्याला खोटं ठरवता येत नाही, हे कबूल. सरासरीच्या तीसपट कमावणारी माणसंही जगात असतात. पण जो इतका वेगळा असल्याचं सांगतो, त्याने इतरांपेक्षा जास्त दाखवायला हवं. इथे पिकाचं नावसुद्धा सांगायची तयारी नाही.

"टॅक्स शून्य"

हे वाक्य मजकुरातलं सर्वांत खरं आहे आणि त्यानेच मजकुराचा घात केला आहे. १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम १०(१) ने शेतीचं उत्पन्न करमुक्त ठेवलं. मग ज्याचा ३६ लाखांचा पैसा कायद्याने स्वच्छ आहे, तो आयकरवाल्यांच्या भीतीने तरी नाव कशाला लपवेल? दूध आणि कोंबड्या मात्र शेतीच्या उत्पन्नात मोडत नाहीत. तेव्हा 'कोंबड्यांतून वीस लाख, टॅक्स फ्री' असा याचा दुसरा भाऊ फिरतो आहे, त्याने तरी सीएला विचारून घ्यावं. नोकरीसारखं दुसरं करपात्र उत्पन्न असेल तर शेतीचे ५ हजारांवरचे पैसे कराचा दर ठरवताना हिशोबात धरतात, हेही यांच्या मजकुरात कधी नसतं.

नाव झाकूनही दाखवता येईल असं बरंच असतं. बाजार समितीची काटापट्टी असते. सीसीआयला, म्हणजे हमीभावाने कापूस घेणाऱ्या सरकारी महामंडळाला, कापूस दिला तर पैसे आधार जोडलेल्या खात्यात येतात. २०२१ पासून ई-पीक पाहणी या सरकारी नोंदीत जमिनीच्या कोणत्या गटात काय पेरलं ते चढतं. नावावर अंगठा ठेवून पट्टीचा फोटो काढायला कितीसा वेळ लागतो? अर्थात एक पट्टी म्हणजे एक दिवस. २०२२ मध्ये कापूस दहा हजारांवर गेला होता, त्या आठवड्यातली माझी पट्टी मी फ्रेम करून लावली तर पाहणाऱ्याला वाटेल याचं दरवर्षी असंच आहे.

"खात्याचा फोटो आहे ना"

हा फोटो पाहून माझे चुलतभाऊ हरले. मी बारावीतल्या भाच्याला केंद्रात बोलावलं. माझं बँकेचं पान कॉम्प्युटरवर उघडं होतं, शिल्लक ४,३१२. त्याने पानावर उजवं बटण दाबलं, खालच्या कोडमधला आकडा शोधला, त्यावर टाइप केलं, फोटो काढला. अर्ध्या मिनिटात माझ्या खात्यात ४३ लाख १२ हजार. बँकेला काही कळलं नाही, कारण बँकेत काही बदललंच नव्हतं. पान पुन्हा लोड केलं तेव्हा ४,३१२ परत आले. चुलतभावांनी ते दोनदा करून पाहिलं. मोठा म्हणाला, "बाप्पा! अन् मी पाच गटांत टाकला ना हा फोटो."

शेअर बाजारातला नफा दाखवणारी पोरंही असेच फोटो टाकतात. सगळेच बनावट असतील असं नाही. पण शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये सांगितलं की २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये (पुढच्या भावावरच्या सौद्यांत) उतरलेल्या वैयक्तिक ग्राहकांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले, आणि मिळून १.८ लाख कोटींहून जास्त घालवून बसले. उरलेल्या सातांचेच फोटो तुमच्यापर्यंत येतात. त्र्याण्णव जण फोटो टाकत नाहीत, बायकोलाही सांगत नाहीत.

"विदर्भात रडगाणंच ऐकायची सवय"

हा टोमणा मला लागला, कारण त्यात तथ्य आहे. आमच्यावर कॅमेरा येतो तो फक्त कोणी फास लावून घेतला की. पण इथे चांगलं पिकवणारी माणसं आहेत, आणि ती लपलेली नाहीत. वरुड-मोर्शीत ज्याची बाग खरोखर चांगली आहे त्याचं नाव चार तालुक्यांना माहीत असतं. जीपभर लोक बघायला येतात, तो चहा पाजतो, कोणतं खत घातलं ते सांगतो, मागच्या वर्षी किती फळ गळालं तेही सांगतो. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या शिवारफेरीला हजारो शेतकरी जातात ते वाण डोळ्यांनी पाहायला. आणि 'पीक सांगितलं तर सगळे लावतील' ही भीती खरी मानायची, तर मग गावोगावी मजकूर पाठवलाच कशाला?

नाव लपवायला प्रामाणिक कारणंही असतात. भाऊबंदकी, उसने मागणारे, वाटणीचा चालू दावा. म्हणून बिननावाचं ते सगळं खोटं, असं मी म्हणणार नाही. तोट्याचे बिननावी आकडेही मी याच चाळणीतून काढतो, फक्त ते कोणी अकरा वेळा पाठवत नाही.

आठ दिवसांपूर्वी त्याच ३६ लाखवाल्याचा दुसरा मजकूर आला. 'लोकांच्या आग्रहास्तव' रोपं देणार आहेत, १८० रुपये नग, बुकिंग मर्यादित. काल सकाळी शेजारचा पोरगा मोबाइल घेऊन केंद्रात आला. "काका, ५ हजार आगाऊ भरायचे हायेत, भरून देता का?" मी म्हटलं, आधी रोप कशाचं आहे ते विचार. त्याने तिथेच उभं राहून विचारलं. मेसेजवर दोन निळ्या खुणा उमटल्या. पोरगा अर्धा तास बाकड्यावर बसला, मग तुरीला पाणी द्यायचं आहे म्हणून निघून गेला. हे लिहीपर्यंत तरी उत्तर आलेलं नाही.