ऑडिओ पॅनेल म्हणजे नुसती आवाजाची बटणे नव्हेत

वैमानिकी शिकणाऱ्या मुलांमध्ये एक दावा बराच फिरतो. जीपीएस आल्यावर मार्कर बीकन (धावपट्टीकडे येणाऱ्या वाटेवर ठराविक ठिकाणी जमिनीवर बसवलेले, वर खूण पाठवणारे रेडिओ) कालबाह्य झाले, त्यांचा रिसीव्हर ज्यात असतो ते ऑडिओ पॅनेल (विमानातले रेडिओ हेडसेट आणि माइकला जोडणारे बटणांचे फलक) आता आवाज कमी-जास्त करण्यापुरतेच उरले, आणि ते बिघडले की रेडिओच गेला, असा तो दावा आहे. यातले पहिले विधान अर्धे खरे आहे, पुढची दोन्ही चुकीची आहेत, आणि तीच नवशिक्याला अडचणीत आणतात.

मार्कर कमी होत चालले, हे मान्यच करायला हवे. अमेरिकेत आयएलएससाठी (रेडिओच्या मदतीने धावपट्टीवर उतरवणाऱ्या यंत्रणेसाठी) मिडल मार्करची, म्हणजे धावपट्टीजवळच्या मार्करची, सक्ती उरलेली नाही, आणि अनेक ठिकाणी लांबच्या आउटर मार्करचे काम डीएमई (जमिनीवरच्या केंद्रापासूनचे अंतर दाखवणारे उपकरण) किंवा जीपीएसवर ठरवलेला बिंदू करतो. पण मार्कर अंतर मोजतो ही समजूत मुळातच चूक आहे. जमिनीवरचे ते यंत्र ७५ मेगाहर्ट्झवर सरळ वर एक अरुंद झोत सोडते. विमान आउटर मार्करच्या झोतातून गेले की निळा दिवा लुकलुकतो, कानात ४०० हर्ट्झचे लांब ठोके पडतात, आणि आपण नेमक्या त्या ठिकाणाच्या वर आहोत हे कोणतीही फ्रिक्वेन्सी न लावता कळते. त्याच क्षणी वैमानिक चार्टवरची ग्लाइडस्लोपची (उतरताना धरायच्या तिरक्या रेडिओ मार्गाची) उंची अल्टिमीटरशी (उंची दाखवणाऱ्या उपकरणाशी) ताडून पाहतो. दोन्ही जुळत नसतील, तर अल्टिमीटरवर हवेचा दाब चुकीचा लावलेला असू शकतो किंवा विमान खोट्या ग्लाइडस्लोपवर, म्हणजे खऱ्यासारख्या भासणाऱ्या चुकीच्या मार्गावर, असू शकते. हा पडताळा डीएमईवरही घेता येतो, मात्र तो आकडा कुठून मोजला जातो हे ठाऊक हवे. ६ ऑगस्ट १९९७ रोजी ग्वाम येथे कोरियन एअरचे ८०१ क्रमांकाचे विमान कोसळून २२८ जण दगावले. त्या वेळी तिथला ग्लाइडस्लोप बंद होता, आणि डीएमई धावपट्टीजवळ नसून सुमारे ३.३ नॉटिकल मैल अलीकडे निमित्झ टेकडीवर होता. अपघाताची कारणे अनेक होती, पण अंतराचा आकडा दिसतो म्हणून ठिकाणही कळले असे होत नाही, हे त्यातून नीट समजते.

आता पॅनेलकडे वळू. गार्मिन कंपनीचे जीएमए ३४० हे ऑडिओ पॅनेल घ्या. त्यावर ‘कॉम १’ आणि ‘कॉम २’ या बोलण्याच्या दोन रेडिओंची ऐकण्याची बटणे वेगळी, आणि माइक कोणत्या रेडिओला जोडायचा ते ठरवणारी बटणे वेगळी. ‘कॉम २’वर हवामानाची नोंद ऐकून झाली, पण माइक ‘कॉम २’वरच राहिला, तर वैमानिक टॉवरला (विमानतळाच्या नियंत्रण कक्षाला) हाका मारत राहतो, टॉवरला काहीच ऐकू जात नाही, आणि ‘रेडिओ बंद पडला’ अशी तक्रार येते. तेव्हा दुरुस्तीसाठी रेडिओ उघडण्याआधी माइकचे बटण पाहावे, हे मी आग्रहाने सांगेन. मार्करचा आवाज गप्प करण्याचे बटणही इथेच आहे. ते दाबले तरी दिवा चालू राहतो आणि पुढच्या मार्करला आवाज पुन्हा येतो. मार्कर रिसीव्हरची संवेदनशीलता ‘हाय’वर ठेवली तर दिवा लवकर लागतो आणि जास्त वेळ राहतो, म्हणजे ठिकाण नेमके कळत नाही, म्हणून अप्रोचसाठी (उतरण्यासाठी धावपट्टीकडे येताना) ‘लो’ ठेवावी.

राहिला शेवटचा मुद्दा. या पॅनेलचा वीजपुरवठा तुटला, तर त्यातले फेल-सेफ (बिघाडातही काम चालू ठेवणारे) सर्किट वैमानिकाचा हेडसेट आणि माइक थेट ‘कॉम १’ला जोडते. मागे बसलेल्यांशी बोलता येणार नाही, पण टॉवरशी येईल. हे जमिनीवरच अनुभवून घ्यावे: ‘कॉम १’ चालू ठेवून पॅनेलची डावीकडची आतली छोटी खुंटी बंद स्थितीपर्यंत फिरवावी, रेडिओ चेक मागावा (आवाज नीट येतो का ते टॉवरला विचारावे), आणि उत्तर कोणत्या कानाला किती स्पष्ट येते ते लक्षात ठेवावे.