स्वयंसेवक नेमताना घ्यायची काळजी

आंतरमहाविद्यालयीन नेटबॉल स्पर्धा यंदा तुमच्या कॉलेजच्या गळ्यात पडली असेल तर अभिनंदन. घाबरू नका. मंडपवाला, माईकवाला पैसे मागतो. स्वयंसेवक फुकट मिळतात. राष्ट्रीय सेवा योजनेतल्या मुलांना वर्षाला १२० तास भरायचे असतात आणि त्या तासांची वही तुमच्या कपाटात असते. दिल्लीत २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या ऐन तोंडावर हजारो स्वयंसेवकांनी पाठ फिरवली होती, हे आठवून उगाच झोप उडवून घेऊ नका. तिथं असली वही नव्हती.

सामना दहाचा असला तरी मुलांना सहाला बोलवा. लवकर आलेल्या पोराला काम निघतंच. स्टाफरूममधला सोफा पाहुण्यांसाठी उचलून आणणं, खुर्च्या पुसणं, फक्की मारणं. मैदान ३०.५ मीटर लांब, १५.२५ मीटर रुंद, त्याचे तीन सारखे भाग, एवढं सांगून दहा मीटरचा टेप हातात ठेवा आणि चहाला निघून जा.

खेळ समजावून सांगायच्या भानगडीत पडू नका. ‘बास्केटबॉलच, फक्त मागे फळी नाही’ एवढंही सांगू नका. म्हणजे उद्घाटनाला आलेले साहेब ‘अरे, रिंगमागची फळी कुठाय?’ म्हणाले की चार मुलं खरोखर ती शोधायला पळतील, आणि साहेबांना आपली व्यवस्था चोख वाटेल. नेटबॉलमध्ये चेंडू तीन सेकंदांहून जास्त हातात ठेवता येत नाही. माईकला हा नियम लागू नाही. दिल्लीतच न्यूझीलंडनं ऑस्ट्रेलियाला ६६-६४ असं हरवलं तो अंतिम सामना जादा वेळेच्या जादा वेळेत जाऊन ८४ मिनिटं चालला होता. तेवढ्यात आपल्याकडे शाल-श्रीफळसुद्धा आटपत नाही.

आता गुणलेखनाचं टेबल. इथं नीट लक्ष द्या, कारण खरी मजा इथंच आहे. गोल कुणीही केला तरी सेंटर पास, म्हणजे मैदानाच्या मधून खेळ पुन्हा सुरू करणारा पास, दोन्ही संघांना आळीपाळीनं मिळतो, आणि पुढचा कुणाचा याची खूण टेबलावरची मुलगी करत असते. डाव्या हाताचं बोट तक्त्यातल्या चौकोनावर, उजव्या हातात पेन, नजर मैदानावर. पंच अडले की तिच्याकडेच बघतात. म्हणून या कामाला औक्षणासाठी साडी नेसवलेल्यांपैकीच एखादी बसवावी. कपडे बदलायला वेळ देऊ नये. तिच्यासमोर पुष्पगुच्छ ठेवावेत, म्हणजे मैदान अर्धंच दिसेल. चौथ्या क्वार्टरला, बरोबरी असताना, ‘जरा पांढऱ्या गाडीचा नंबर पुकार गं, गेट अडलंय’ म्हणून चिठ्ठी सरकवावी. एक खूण चुकते, दोन्ही संघांचे प्रशिक्षक टेबलावर धावून येतात, आणि तुम्हाला हवी ती संधी मिळते. ‘लक्ष कुठंय तुझं?’ हे माईक चालू ठेवूनच विचारावं. तिनं आधीचे पन्नासेक सेंटर पास बिनचूक लिहिलेत, हा मुद्दा तिथं काढू नये.

बिबचे, म्हणजे खेळाडूच्या जागेची अक्षरं असलेल्या अंगावरच्या फडक्यांचे, दोनच संच आणा. डब्ल्यूडीचं (विंग डिफेन्सचं) बिब हरवणारच, नेहमी तेच हरवतं, का ते देव जाणे. कागदावर स्केचपेननं अक्षरं काढून सेफ्टी पिननं लावायला एक मुलगा ठेवा. घामानं निथळणारी बिबं पुढच्या सामन्याआधी वाळवायचं काम त्याच्याकडेच. पंखा मागितला तर ‘आमच्या वेळी’पासून सुरुवात करा.

जेवण आधी पाहुणे, मग त्यांचे ड्रायव्हर, मग पंच, मग संघ. स्वयंसेवकांची पाळी येईपर्यंत पुलावात तमालपत्र उरतं. ‘अरे, तुम्ही घरचेच’ म्हणायला विसरू नका.

बक्षीस समारंभाच्या फोटोत बॅनर उडू नये म्हणून त्याच्यामागे चौघांना उकिडवं बसवा. कडेला बोटं दिसली तर फोटो क्रॉप करता येतो. भाषणात ‘युवाशक्ती’ तीनदा तरी यावी, ही चौघं मागे बसलेली असतानाच. प्रमाणपत्रांचं कुणी विचारलं तर प्राचार्यांची सही राहिलीय म्हणा, पुढच्या आठवड्यात पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो म्हणा, आणि त्याच दमात विचारून घ्या की सोफा परत न्यायला कोण कोण थांबतंय.