डेटा सेंटरचा कॅमेरा गल्ली पाहतो, आपला रॅक नाही

आमच्या भागातल्या इंटरनेटवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: "डेटा सेंटरात सामान ठेवलं की वेगळा कॅमेरा लावणं म्हणजे पैसा पाण्यात. त्यांचे कॅमेरे चोवीस तास सुरू, फुटेज मांगलं की भेटते, रॅकले कुलूप असते, अन् गावात बसून व्हिडिओ पाहाले लाइन पुरते कुठी?" मी दारव्हा तालुक्यात लाइन देतो. राउटर नागपुरात, डेटा सेंटरात, म्हणजे अनेकांची यंत्रं एकाच इमारतीत ठेवतात तिथं, रॅकमधल्या (लोखंडी कपाटातल्या) भाड्याच्या जागेत. म्हणून बोलतो.

त्यांचे कॅमेरे असतात, खोटं नाही. पण ते दार पाहतात, गल्ली पाहतात. वखारीच्या फाटकावर चौकीदार आहे म्हणून आपल्या थप्पीची पोती मोजायची कोणी सोडतं का?

फुटेज मागितलं की मिळतं, हे मात्र साफ चूक. मागच्या पावसाळ्यात रात्री आमची तीन गावं बंद पडली. सकाळी नागपूर गाठलं, तर एक पॅचकॉर्ड (यंत्रं जोडणारी छोटी वायर) अर्धवट निघून लोंबत होती. फुटेज मागितलं तर नकार. त्यात दुसऱ्या ग्राहकांची माणसं दिसतात म्हणे. आठ दिवसांनी त्यांच्याच खुर्चीत बसवून दाखवलं: निळ्या शर्टाची पाठ, उघडं दार, बस. हात त्या पाठीआड. चोरी नव्हतीच, शेजाऱ्याचं काम करताना धक्का लागला असेल. पण चूक कोणाची, हे सांगायला माझ्याजवळ काही नव्हतं. कॅमेरा हवा तो यासाठी. चोर तिथं क्वचितच येतो.

कुलूप? 42 यू चा रॅक, आम्ही चौघे भाडेकरू, दार एकच. एक यू म्हणजे पावणेदोन इंच उंची. एवढ्या दाटीत कोपर कोणाच्या वायरला लागेल, सांगता येत नाही.

लाइनीचं गणित मेसेजवाल्यानं केलेलंच नाही. कॅमेऱ्याचा 2 एमबीपीएसचा स्ट्रीम दिवसाला 21.6 जीबी होतो, महिन्याला साडेसहाशेच्या आसपास. तो गावात ओढायचाच कशाला? 1 टीबीची डिस्क तिथंच ठेवा, हालचाल झाली की फक्त फोटो इकडे येऊ द्या. डिस्कच कोणी काढून नेली तरी फोटो आपल्याजवळ राहतो. वेगळी वीजजोडणीही नको: पीओईचा (नेटवर्कच्या वायरीतूनच वीज देणारा) साधा पोर्ट 15.4 वॅट देतो, लहान कॅमेऱ्याला तेवढी पुरते.

मेसेजात नसलेला एक धोका मात्र खरा आहे. 2016 मध्ये मिराई नावाच्या घातक प्रोग्रामनं कंपनीचे मूळ पासवर्ड तसेच ठेवलेले कॅमेरे अन् डीव्हीआर (त्यांचे रेकॉर्डर) ताब्यात घेतले, आणि ऑक्टोबरात त्यांच्याच जोरावर डाइन (Dyn) या डीएनएस कंपनीवर, म्हणजे साइटीच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या कंपनीवर, हल्ला होऊन मोठमोठ्या साइटी बंद पडल्या. तेव्हा पासवर्ड बदला, कॅमेरा वेगळ्या व्हीलॅनमध्ये (त्याच वायरीवरच्या वेगळ्या जाळ्यात) टाका, बाहेरून थेट गाठता येईल असा पब्लिक आयपी देऊ नका. घड्याळ एनटीपीवर (नेटवरून वेळ जुळवायची सोय) मिळवून घ्या. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेनं एप्रिल 2022 मध्ये एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी जुळवायला सांगितलंच आहे. कॅमेरा चार मिनिटं मागे असला तर राउटरच्या लॉगशी (नोंदींशी) काहीच जुळत नाही.

लावण्याआधी सेंटरची लेखी परवानगी घ्या, अन् शेजाऱ्याचं सामान चौकटीत येणार असेल तर त्यालाही सांगा. आमचे एक शेजारी आधी कुरकुरले, मग म्हणाले, मलेही फोटो पाठवत जा.

आम्ही पहिला कॅमेरा पुढून लावला होता. वायरी सगळ्या मागे. मागे नेला तर पहिल्या रात्री चित्र पांढरं फटक, इन्फ्रारेडचा उजेड जवळच्या पत्र्यावरून उलटा लेन्समध्ये येत होता. मग इन्फ्रारेड बंद केलं आणि दार उघडलं की लागणारी एलईडीची पट्टी आत चिकटवली. आता हात दिसतात.