काकांची सम

पन्नाशीला आलेल्या माणसाने शनिवारी रात्री डोंबिवलीहून लोअर परळला जाऊन उभ्याने गाणं ऐकावं, हे आमच्या घरात कोणालाच पटत नाही. बरं, गाणं म्हणावं तर त्यात गाणारा नसतो. जॅझला आमच्याकडे 'त्याचं ते' म्हणतात. 'त्याचं ते सुरू झालं, दार लोटून घ्या.' इलेक्ट्रॉनिक संगीताला एवढंही नाव मिळालेलं नाही. मागे एकदा बेसचा एक लांबलचक तुकडा लावला होता, तेव्हा आईने सोसायटीच्या सेक्रेटरींना फोन केला, की पाण्याची मोटर अजून बंद कशी नाही झाली?

सोबत कोणी मिळत नाही. मित्र पहिल्या खेपेला येतात. दुसऱ्या खेपेला त्यांच्या मुलांच्या परीक्षा निघतात. म्हणून या वेळी काकांना गळ घातली. काका म्हणजे सवाई गंधर्वचे जुने वारकरी. कोणाची सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, चुकली तर रात्री यांना अपचन होतं. त्यांना मी 'अलबेला' सिनेमावरून पकडलं.

"काका, 1951 साली 'अलबेला'च्या वेळी संगीतकार सी. रामचंद्रांच्या, म्हणजे आपल्या अण्णांच्या हाताखाली चिक चॉकलेट होता ना, तो ट्रम्पेटवाला? मूळचा आंतोनियो झेवियर वाझ, गोव्यातल्या हळदोण्याचा. मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवायचा."

"म्हणजे आपल्या अण्णांकडे जॅझ होता?"

"होता की!"

"मग येतो."

काका आले ते सवाईच्या तयारीने. सतरंजी, कानटोपी, काकूंनी दिलेला गूळपोळ्यांचा डबा आणि पानाच्या चंचीत अडकित्ता. गेटवरच्या धिप्पाड मुलाने सतरंजी आधी झटकली, मग हुंगली. डबा उघडून पाहिला. अडकित्ता मात्र त्याने दोन बोटांत धरून वर उचलला, आणि रांगेतली सगळी पोरं काकांकडे नव्या आदराने बघू लागली. अडकित्ता जमा झाला. मनगटावर कागदी पट्टी आली.

"ही मला हर्नियाच्या ऑपरेशनच्या वेळी बांधली होती," काका म्हणाले. "तेव्हा निदान झोपायला खाट दिली होती."

क्लब जुन्या गिरणीच्या आवारात. "इथे आमचा मामा साचेखात्यात होता," एवढं बोलून काका गप्प झाले, ते सॅक्सोफोन सुरू होईपर्यंत.

आता खरी पंचाईत. जॅझ ऐकणारा दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर चुटकी वाजवतो. काका पहिलीवर. सबंध दालन एकीकडे, काका एकीकडे, आणि काकांचा पंजा मोठा. शिवाय सोलो संपला की इथे टाळ्या पडतात, मागे वादन चालूच असतं. काका भडकले. "अरे, तो अजून वाजवतोय! याचं झालं नाही तोवर टाळ्या कसल्या? उठवायचंय का त्याला?" पियानोवाल्याने चांगली पाच मिनिटं इकडेतिकडे भटकून मूळ धून पुन्हा धरली, तेव्हा काका एकदम सैलावले. "हां, म्हणजे मुखडा घेऊन उपज. मग पत्रिकेवर तसं छापायला काय जातं यांचं?"

तेवढ्यात ती पाच मात्रांची धून आली, 'टेक फाइव्ह', पियानोवाल्या डेव्ह ब्रुबेकच्या चौघांच्या क्वार्टेटने 1959 साली अजरामर केलेली. माझ्या अंगावर काटा. शेजारी बघतो तर काका बोटांच्या पेरांवर मोजतायत.

"दहा मात्रांचा झपताल कापलाय," ते माझ्या कानात ओरडले. "अर्धा! तोही उलटा. आपले दोन-तीन, यांचे तीन-दोन."

"ब्रुबेकच्या सॅक्सोफोनवाल्याची, पॉल डेझमंडची रचना आहे काका!"

"ब्रुबेक इकडे आला होता का कधी?"

"1958 साली."

"बघ!" काका म्हणाले. खटला तिथेच निकालात निघाला. डेझमंडला वकील द्यायला मला सवड मिळाली नाही, कारण ड्रमवाल्याने तिहाईसारखं काहीतरी घेतलं आणि काकांनी असा काही 'क्या बात है' दिला की तो बिचारा मान वर करून आम्हाला शोधू लागला.

मध्यंतरानंतर टेबलामागे एक मुलगी आली. तारांचं जंजाळ, लुकलुकणारे दिवे, आणि चक्क चरणजित सिंगांचा भैरव! आता माझा तोल सुटला. इतक्या आवाजात ओरडून व्याख्यान देणं हा माझा जुना आजार आहे. सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात वाजवणारा हा माणूस, 1982 साली त्याने रोलंड कंपनीच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात बसवले. त्यातलं एक टीबी-303, एकट्या गिटारवाल्याला बेसची साथ मिळावी म्हणून काढलेलं. बाजारात ते आपटलं, मग शिकागोच्या पोरांनी सेकंडहँडमध्ये उचलून त्यातून ॲसिड हाउस नावाचं नाचाचं संगीत काढलं. पण ते पुढे, काका! आपल्या मुंबईत आधी! रेकॉर्डकडे मात्र 2010 साली ती पुन्हा निघेपर्यंत फारसं कोणी...

काकांनी घड्याळ माझ्या डोळ्यांपुढे धरलं. साडेअकरा.

"भैरव पहाटेचा."

"ही मुलं उठतातच आत्ता, काका."

ठेका वाढला. काका डोळे मिटून उभे होते. मला वाटलं, लागली समाधी. जवळ जाऊन विचारलं.

"मामाच्या साचेखात्यात अगदी हाच आवाज असायचा," ते म्हणाले. "त्याला त्याचे पैसे मिळायचे. तू तिकीट काढून आलायस."

डेट्रॉइट, मोटारींचे कारखाने, तिथून निघालेलं टेक्नो नावाचं इलेक्ट्रॉनिक संगीत, हे सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. मी गूळपोळी खाल्ली.

शेवटच्या लोकलसाठी जे पळालो, ते थेट दादरला भानावर आलो. अडकित्ता गेटवरच राहिला होता. काकूंच्या माहेरचा, पितळी. पुढचा आठवडाभर काकूंना 'पॉलिशला दिलाय' सांगून झालं. शुक्रवारी काकांचा फोन.

"उद्या अडकित्ता आणायला जाऊ."

"मी ऑफिसातून येताना घेऊन येतो ना, काका."

"नको. तू वेंधळा आहेस, दुसराच आणशील." मग जरा थांबून, काकूंना ऐकू जाणार नाही अशा आवाजात: "त्यांना फोन करून विचार, तो उलट्या झपतालवाला उद्या आहे का."