न थांबणाऱ्या उचकीचं एक कारण राहिलं

लेखात न थांबणाऱ्या उचकीची कारणं म्हणून आम्लपित्त, मूत्रपिंडाचे विकार आणि औषधं एवढीच दिली आहेत. न्यूरोमायलायटिस ऑप्टिका (एनएमओ) हा डोळ्याची नस, मज्जारज्जू आणि मेंदू यांना सूज आणणारा आजार राहिला. यात शरीराचीच प्रतिपिंडं अ‍ॅक्वापोरिन-४ या प्रथिनावर हल्ला करतात. मेंदूच्या देठात, उलटीची जाणीव होते त्या ‘एरिया पोस्ट्रेमा’ भागात हे प्रथिन भरपूर असतं आणि रक्त व मेंदू यांच्यातला नेहमीचा अडसर तिथे नसतो. त्यामुळे कधीकधी पहिला फटका तिथेच बसतो.

माझ्या मावसबहिणीला उचकी आणि उलट्या सुरू झाल्या. एंडोस्कोपी, सोनोग्राफी सगळं नॉर्मल. घरचे ‘कोण एवढी आठवण काढतंय’ म्हणून चिडवायचे. मग उचकी आपोआप थांबली (इथेच सगळे फसतात) आणि काही आठवड्यांनी पाय बधिर झाले.

आजाराच्या निदानाच्या २०१५ च्या निकषांत उचकी-उलट्यांचं हे लक्षण डोळ्याच्या नसेची आणि मज्जारज्जूची सूज यांच्या बरोबरीने धरलं आहे. पोटात काही सापडत नसेल तर न्यूरोलॉजिस्टला दाखवावं. अ‍ॅक्वापोरिन-४ ची रक्ततपासणी होते, शक्यतो सेल-बेस्ड (पेशींवर केल्या जाणाऱ्या) पद्धतीची करावी. एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, मज्जासंस्थेचा असाच वाटणारा दुसरा आजार) समजून त्यावरचं इंटरफेरॉन हे औषध दिलं तर हा आजार उलट बळावू शकतो.