विल्यम मार्शल पाचशे स्पर्धांत अजिंक्य होता का?

इंग्लंडच्या राजांची चाकरी केलेल्या विल्यम मार्शल या अँग्लो-नॉर्मन नाइटविषयी (नाइट म्हणजे घोडेस्वार योद्धा) एक मजकूर बराच फिरत असतो. त्याचा आशय असा : कफल्लक घरात जन्मलेल्या या योद्ध्याने ५०० स्पर्धा जिंकल्या, एकही गमावली नाही, केवळ तलवारीच्या बळावर तो अर्ल, म्हणजे बडा सरदार झाला, पाच राजांशी अखंड एकनिष्ठ राहिला आणि इंग्लंडच्या राजाच्या सत्तेला मर्यादा घालणारी १२१५ सालची सनद, म्हणजे मॅग्ना कार्टा, त्यानेच लिहिली. यातला पाच राजांचा आकडा तेवढा खरा आहे, आणि तोही दुसऱ्या हेन्रीने आपल्या हयातीतच ११७० साली ज्याला मुकुट घातला तो मुलगा, म्हणजे ‘तरुण राजा’ हेन्री, त्यात धरला तरच.

पाचशे हा आकडा मुळात स्पर्धांचा नाहीच. मार्शलच्या मृत्यूनंतर त्याच्या थोरल्या मुलाने जुन्या फ्रेंचमध्ये त्याचे पद्यचरित्र रचवून घेतले. १९ हजारांहून अधिक ओळींच्या त्या काव्यात मृत्युशय्येवरचा मार्शल सांगतो की, आपण ५०० नाइट पकडले, त्यांची शस्त्रे, घोडे आणि सामान ठेवून घेतले, आणि ते सारे परत केल्याशिवाय स्वर्ग मिळणार नाही असे धर्मगुरू म्हणत असतील तर आपला इलाज नाही. म्हणजे हा हिशेब कैद्यांचा आहे, पापाच्या चर्चेत निघालेला आहे, आणि बापाचे नाव राखू पाहणाऱ्या मुलाच्या पैशाने लिहिलेल्या काव्यातला आहे. शिवाय बाराव्या शतकातील टूर्नामेंट म्हणजे चित्रपटात दिसणारी दोन स्वारांची भाल्यांची झुंज नव्हती. दोन गावांमधल्या मोकळ्या रानात स्वारांचे जथे एकमेकांवर तुटून पडत. प्रतिपक्षातील कोणाच्या तरी घोड्याचा लगाम धरून त्याला ओढून आणायचे आणि खंडणी कबूल करवून घ्यायची, हा त्यातला खरा धंदा. अशा धुमश्चक्रीत एकेका माणसाच्या नावावर विजय-पराजय मांडणार तरी कसे? जी नोंद सापडते ती याहून रंजक आहे. मार्शल आणि दुसरा एक नाइट यांनी मिळकत निम्मी-निम्मी वाटून घेण्याच्या कराराने भागीदारी केली होती, आणि तरुण राजाच्या मुदपाकखान्यातील कारकुनाच्या टिपणानुसार त्या दोघांनी एका हंगामात १०३ नाइट पकडले. घोडे आणि सामान त्यात धरलेले नाही. फ्रान्समधील शांपेन प्रांतातल्या प्लर येथे मार्शलला मानाचे बक्षीस म्हणून एक मोठा मासा द्यायचे ठरले, तेव्हा तो लोहाराच्या ऐरणीवर डोके टेकवून बसलेला आढळला, कारण घाव बसून चेपलेले शिरस्त्राण डोक्यातून निघतच नव्हते. घाव त्याला लागत होते, एवढे तरी यावरून दिसते. प्रत्यक्ष युद्धातला पराभवही चरित्रात लपवलेला नाही : ११६८ साली प्वातू प्रांतात लुसिन्यान घराण्याच्या माणसांनी त्याच्या मामाला ठार केले, मार्शलच्या मांडीत भाला घुसला, तो कैद झाला, आणि दुसऱ्या हेन्रीची राणी एलिनॉर हिने खंडणी भरून त्याला सोडवले.

कफल्लकपणाची गोष्ट अर्धवट खरी आहे. पोतनीस, चिटणीस या आडनावांसारखे ‘मार्शल’ हेही मूळचे पदनाम; राजाच्या पागेशी आणि दरबारच्या शिस्तीशी निगडित असलेले हे पद त्या घराण्याकडे वंशपरंपरेने चालत आले होते, आणि आई तर सॉल्सबरीच्या अर्लची बहीण होती. विल्यम धाकटा असल्यामुळे त्याच्या वाट्याला जमीन आली नाही, म्हणून फ्रान्सच्या उत्तरेकडील नॉर्मंडीतल्या एका मातब्बर नातलगाच्या पदरी राहून तो नाइट झाला. पहिल्याच लढाईत घोडा मेल्यावर त्याला अंगरखा विकून साधे तट्टू घ्यावे लागले होते. पण तलवारीने त्याला मिळवून दिला तो राजदरबारातला प्रवेश. जहागीर मिळाली ती लग्नातून. वारस असलेल्या अनाथ मुलीचे लग्न कोणाशी लावायचे हे राजा ठरवत असे, आणि ११८९ साली दुसऱ्या हेन्रीचा मुलगा आणि नवा राजा पहिला रिचर्ड याने इझाबेल द क्लेअर हिचा हात मार्शलला दिला, तेव्हा वेल्समधील चेपस्टोचा किल्ला आणि आयर्लंडमधील लेन्स्टरवरचा हक्क तिच्यासोबत आला. त्या वेळी तो सुमारे ४३ वर्षांचा होता आणि ती जेमतेम सतरा-अठराची. पेम्ब्रोकचा अर्ल तो ११९९ मध्ये रिचर्डनंतर राजा झालेला त्याचा भाऊ जॉन याच्या हातून झाला.

अखंड एकनिष्ठेचा दावा मला सर्वांत दिशाभूल करणारा वाटतो, कारण त्यामुळे त्या काळातली निष्ठा कशी चाले हेच झाकले जाते. ११७३ मध्ये तरुण राजाने बापाविरुद्ध बंड केले तेव्हा मार्शल मुलाच्या, म्हणजे बंडखोरांच्या बाजूला होता. पुढे ११८६ च्या सुमारास तोच दुसऱ्या हेन्रीच्या सेवेत गेला आणि ११८९ मध्ये ल मान्सजवळ त्याने बापाविरुद्ध उठून पाठलागावर आलेल्या राजपुत्र रिचर्डचा घोडा भाल्याने मारला. जॉनच्या हातून नॉर्मंडी गेल्यावर तिथली जमीन टिकवण्यासाठी मार्शलने १२०५ साली फ्रान्सचा राजा फिलिप याच्यापुढे निष्ठेची शपथ घेतली आणि फिलिपविरुद्ध जॉनच्या मोहिमेवर जाण्यास नकार दिला. जॉनने संतापून त्याचा थोरला मुलगा ओलीस मागून घेतला. मार्शलला यात द्रोह वाटला नाही, कारण शपथ जमिनीशी बांधलेली असे आणि त्याची जमीन समुद्राच्या दोन्ही काठांवर होती. जॉनला मात्र तो द्रोहच वाटला.

राहिला मॅग्ना कार्टा. १२१५ साली मार्शल जॉन राजाच्या बाजूने वाटाघाटी करत होता. सनदेच्या प्रारंभी त्याचे नाव आहे ते राजाच्या सल्लागारांत. ती त्याने लिहिल्याचा कोणताही पुरावा नाही, आणि त्याचे चरित्रकाव्य तर तिच्याविषयी जवळजवळ मौनच पाळते. सरदार बंडात उतरले होते आणि राजाकडून सनद पाळून घेण्यासाठी नेमलेल्या २५ सरदारांत त्याचा थोरला मुलगा होता. पोपने काही आठवड्यांतच ती सनद रद्द ठरवली. मार्शलचा खरा संबंध त्यानंतर येतो. जॉन ऑक्टोबर १२१६ मध्ये मेला, त्याचा नऊ वर्षांचा मुलगा तिसरा हेन्री याचा कारभारी म्हणून सत्तरीच्या घरातल्या मार्शलची निवड झाली, आणि नोव्हेंबरमध्ये सनद पुन्हा जारी करण्यात आली. बालराजाची स्वतःची मुद्रा नसल्यामुळे तिच्यावर पोपचा प्रतिनिधी ग्वाला आणि मार्शल यांच्या मोहरा उमटल्या. मार्शलचा थोरला मुलगा तेव्हाही बंडखोरांकडेच होता, आणि त्या २५ जणांचे कलम नव्या सनदेतून गाळलेले होते.