सहा महिने वाचवून ती करणार काय?

आज सकाळी फॅमिली ग्रुपवर भावोजींचा मेसेज आला. भाची बी.एस्सी. सहाऐवजी पाच सेमिस्टरमध्ये संपवणार, उद्या कॉलेजात अर्ज देणार. खाली अभिनंदनाची रांग लागली. दुपारपर्यंत गप्प बसले, पण राहवेना म्हणून इथे लिहितेय. एवढ्या सगळ्या मेसेजमध्ये तिचा स्वतःचा एक शब्द नव्हता, हे कुणाच्या लक्षात आलं का?

यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, 2024 च्या नोव्हेंबरमध्ये ही मुभा जाहीर केली. पहिल्या किंवा दुसऱ्या सेमिस्टरनंतर अर्ज करायचा, मग कॉलेजची समिती ठरवणार. तीन वर्षांच्या पदवीला 120 क्रेडिट (अभ्यास मोजायचं माप), म्हणजे सेमिस्टरला 20. तिचे 40 झालेत. उरलेले 80 तीन सेमिस्टरमध्ये बसवायचे तर दर वेळी 26-27. पोर्शन तेवढाच, परीक्षा तेवढ्याच. झोप तेवढी राहणार नाही.

मी हे केलंय, म्हणून बोलतेय. परदेशात शिकताना चार वर्षांची पदवी तीन वर्षांत उरकली. भिंतीवर विषयांची यादी चिकटवली होती, एकेक झाला की काट मारायची. उन्हाळ्याच्या सुट्टीतसुद्धा तास. त्यातच दुसऱ्या वर्षी जेनेटिक्सच्या बाईंनी मंगळवारी संध्याकाळी लॅबमध्ये बोलावलं, फळमाश्या मोजायला. माश्यांना गुंगी द्यायची, सूक्ष्मदर्शकाखाली पसरायच्या आणि बारीक कुंचल्याने लाल डोळ्यांच्या एका बाजूला, पांढऱ्या डोळ्यांच्या दुसऱ्या बाजूला सारायच्या. पंख दुमडू नयेत म्हणून कुंचला अगदी हलका धरावा लागायचा. दोन तास कधी जायचे कळायचं नाही. टर्म संपता संपता असे तीन मंगळवार मिळाले. पुढच्या टर्मला नेमका मंगळवारीच जादा विषय आला. बाई म्हणाल्या, हरकत नाही, चौथ्या वर्षी ये.

मला चौथं वर्षच नव्हतं.

आणि वाचलेल्या वर्षाचं काय झालं? आठ महिने अर्ज भरण्यात गेले. पुढच्या शिक्षणाला शिफारसपत्रं लागतात, आणि मला नीट ओळखणारं तिथे कुणीच नव्हतं. पाचसहा विषय एकदम घेणारी मुलगी तासाला येते नि पळते, तिला ओळखणार कोण? ओळखत होत्या त्या एकट्या बाई, आणि त्यांनीही मला तीनच मंगळवार पाहिलं होतं.

भाचीचं तरी वेगळं काय होणार? पाचवं सेमिस्टर संपणार डिसेंबरच्या आसपास. एम.एस्सी.चे वर्ग बहुतेक ठिकाणी जुलै-ऑगस्टला सुरू होतात. म्हणजे वाचवलेले सहा महिने घरी बसून वाट बघायची! वर्षातून दोनदा प्रवेश द्यायची परवानगी आहे आता, ठाऊक आहे मला. पण ती परवानगी आहे, सक्ती नाही.

घरी पैशाची ओढाताण असेल, शिक्षणाचं कर्ज डोक्यावर असेल, तर मी एक अक्षर बोलणार नाही. काही मुलांना हा वेग खरंच झेपतो, तेही मान्य. पण आमच्याकडे यातलं काय आहे? घाई कुणाला झालीय, पोरीला की आपल्याला? याच नियमात पदवी दोन सेमिस्टरपर्यंत लांबवायचीही सोय आहे. ती घेतली असती तर ग्रुपवर कुणी अभिनंदन केलं असतं का? फोन आले असते, काय झालं गं, बरी आहे ना ती, म्हणून.

जरा थांबून पुन्हा लिहितेय. भावोजींवर राग नाही माझा. माझे बाबा कुणी भेटलं की "आमच्या मुलीने तीन वर्षांत केलं" असं सांगायचे, आणि सांगताना त्यांचा चेहरा फुलायचा. त्या चेहऱ्यासाठीच तर मी भिंतीवरच्या यादीत काट मारत होते. बाबांना त्या मंगळवारांबद्दल मी कधी सांगितलंच नाही. त्यांनी विचारलं असतं तर सांगितलं असतं.

म्हणून मघाशी भाचीला फोन केला आणि एवढंच विचारलं, सहाव्या सेमिस्टरला काय होतं गं तुमचं? लगेच बोलायला लागली. नदीच्या पाण्याचे नमुने घ्यायचे होते, जानेवारीपासून दर आठवड्याला, एकाच जागेचे. पाणी आटत जातं तसे त्यातले जीव कसे बदलतात ते बघायचं. मैत्रिणीबरोबर जाऊन जागासुद्धा ठरवून आली होती. आता त्याऐवजी थिअरीचा एक पेपर देणार. मग जरा वेळ गप्प राहून म्हणाली, "मावशी, चालेल ना गं?"

मी नाही म्हटलं.

ताई, भावोजी, रागवायचं तर रागवा माझ्यावर. पण उद्या अर्जावर सही करण्याआधी तिला त्या नदीबद्दल विचारा. ती बोलत असताना मध्ये बोलू नका.